प्लास्टिकची कल्हई उडते, ती जाते कुठं?

पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायचं काम कल्हईवाल्याचं असे, पण कल्हई उडाली आहे हे ओळखायचं काम घरातल्या बाईचं असे. आतली पांढरी चकाकी जाऊन पिवळं पितळ दिसू लागलं की त्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार ठेवायचं नाही, ठेवलं तर कळकतं, हे शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. ज्ञान बाईजवळ होतं, इलाज दारावर येत होता, आणि दोष डोळ्यांना दिसत होता.

आज बहुतेक घरांतलं पितळ मोडीत गेलं आणि त्याच्या जागी प्लास्टिक आलं. प्लास्टिकलाही एक प्रकारची कल्हई असते. ती वरून लावलेली नसते, आत मिसळलेली असते. तीही उडते. पण ती उडाल्याचं वेळेवर कळत नाही, पुन्हा लावून देणारा कुणी दारावर येत नाही, आणि ती उडून जाते कुठं हे वस्तू विकणारा सांगत नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली नाही, समाजकार्य शिकलेली आहे. तरीही हा विषय आपल्या अंकात मांडते आहे, कारण वस्तीत काम करताना दिसतं ते असं की, या उडालेल्या कल्हईची किंमत मोजणाऱ्यांत बायका सर्वांत पुढं आहेत, आणि त्यांना विचारून मात्र काहीच ठरत नाही.

आत काय मिसळलेलं असतं?

आपण ज्याला सरसकट प्लास्टिक म्हणतो ते मुळात बरंच नाजूक असतं. खुर्च्या, बादल्या ज्या पॉलिप्रोपिलीनच्या होतात, ते काहीही न मिसळता भर उन्हात ठेवलं तर काही महिन्यांत ठिसूळ होतं. पाण्याचे पाइप ज्याचे होतात ते पीव्हीसी, पाइप घडवताना लागणारी उष्णताच सोसू शकत नाही. ते तुटू लागतं आणि त्यातून आम्लाचा वायू सुटतो. म्हणून कारखान्यात या मालात रक्षणाची रसायनं मिसळतात. हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवायला अँटिऑक्सिडंट, उन्हापासून वाचवायला यूव्ही स्टॅबिलायझर, पीव्हीसीला उष्णतेपासून वाचवायला हीट स्टॅबिलायझर, आणि टीव्ही-संगणकाच्या खोक्यांना आग लागू नये म्हणून ज्वालारोधक. काहींचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असतं. ज्वालारोधकांचं त्याच्या कितीतरी पट असतं.

यातलं महत्त्वाचं वैशिष्ट्य आपण लक्षात ठेवलं पाहिजे. ही रसायनं बहुतेक वेळा प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. धान्याच्या कणगीत आपण कडुनिंबाचा पाला घालतो तशी. पाला धान्याचं रक्षण करतो, पण तो धान्याचा भाग नसतो. तो सुकतो, चुरा होतो, चाळणीतून खाली पडतो. प्लास्टिकमधली ही रसायनंही अशीच कमी होत जातात, आणि तिच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे काम करता करता खर्ची पडणं. अँटिऑक्सिडंट प्लास्टिकच्या ऐवजी स्वतः ऑक्सिजनची झळ घेतं आणि त्यात संपतं. दुसरी वाट हवेत उडून जाण्याची. कपाटातली डांबराची गोळी जशी दिवसेंदिवस लहान होते आणि तिचा वास साड्यांना लागतो, तशी काही रसायनं वस्तूच्या पृष्ठभागावर येतात आणि हवेत, घरातल्या धुळीत जातात. ऊन जितकं जास्त, वस्तू जितकी पातळ, तितका हा वेग जास्त. तिसरी वाट पाण्यात, साबणात, तेलात उतरण्याची. गरम आणि तेलकट पदार्थ ती जास्त ओढून घेतो. डब्याला लागलेला हळदीचा डाग कितीही घासला तरी जात नाही, हे आपण रोज पाहतो. हळद जर प्लास्टिकच्या आत शिरू शकते, तर प्लास्टिकच्या आतलंही बाहेर येऊ शकतं. पृष्ठभागावरचं निघून गेलं की आतलं हळूहळू वर सरकतं, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. मोठ्या, जड रेणूंची रसायनं वापरली तर ती हळू निघतात, पण ती महाग पडतात.

रक्षण संपलं की मूळ प्लास्टिक उघडं पडतं. खुर्चीवर हात फिरवला तर पांढरी भुकटी लागते, बादलीचा कान तुटतो, ताडपत्रीचे धागे सुटतात. ही भुकटी म्हणजे प्लास्टिकचेच बारीक कण. म्हणजे नुकसान दुहेरी आहे. जे निघून गेलं ते आपल्या हवेत, पाण्यात, अन्नात गेलं, आणि जे उरलं ते आपलं काम करेनासं झालं.

जुनं प्लास्टिक राहतं कुणाकडं?

इथून पुढं हा प्रश्न प्रयोगशाळेचा राहत नाही, वर्गाचा आणि बाईपणाचा होतो. कारण वस्तू नवी असताना एका घरात असते आणि जुनी झाल्यावर दुसऱ्या घरात.

शहरातल्या सुस्थितीतल्या घरात डब्यावर चरे पडले, झाकण सैल झालं की तो डबा घरकाम करणाऱ्या बाईला दिला जातो. देणारीला वाटतं, आपण वाया घालवलं नाही. घेणारीला नाही म्हणता येत नाही, आणि तिला त्याची गरजही असते. त्या डब्याचं उरलेलं आयुष्य, म्हणजे त्याच्या रक्षणाचं जवळजवळ संपलेलं आयुष्य, तिच्या स्वयंपाकघरात जातं. जिथं नळाला तास-दीड तास पाणी येतं अशा वस्तीत पाणी साठवायला पिंप लागतं. नवं घेणं परवडत नाही, म्हणून कारखान्यातून निघालेली रसायनांची निळी पिंपं भंगारवाल्याकडून घेतली जातात. ती घासून, उन्हात वाळवून वापरतात. पण जसा हळदीचा डाग निघत नाही, तसं आत मुरलेलं रसायनही घासून निघत नाही. उलट कडक उन्हात वाळवल्यानं पिंपाची उरलीसुरली कल्हईही लवकर उडते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं उदाहरण घेऊ. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं निघतात ती पाच-सहा महिने फडाजवळ कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, आणि बाईची मजुरी त्या एका शब्दात गडप होते. कोपीवर अंथरलेला कागद, म्हणजे ताडपत्री, हेच तिचं छप्पर, हीच तिची न्हाणी, हाच तिचा आडोसा. तो दिवसभर उन्हात तापतो. चांगल्या ताडपत्रीत उन्हापासून रक्षण करणारं रसायन पुरेसं घातलेलं असतं. स्वस्त ताडपत्रीत ते नावापुरतं असतं, आणि हंगाम संपायच्या आधीच तिच्या चिंध्या होऊ लागतात. मग न्हाणीच्या आडोशाला भोक पडतं, अवकाळी पावसात अंथरूण भिजतं, तान्हं मूल गारठतं. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा त्यांची राहणी शहराला थोडीफार दिसली. कोपीवरचा कागद मात्र कुणाच्या अहवालाचा विषय झाला नाही. आडोसा टिकणं ही बाईच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे, आणि ती गोष्ट त्या कागदात किती रसायन घातलं यावर अवलंबून आहे, इतका हा संबंध सरळ आहे.

तुटलेलं प्लास्टिकही बाईच्याच वाट्याला येतं. पाचट ओलं असलं, सरपण धरत नसलं की चूल पेटवायला प्लास्टिकचा तुकडा घालतात. वस्तूत जी काही रसायनं उरली असतील ती अशा वेळी धुराबरोबर चुलीपुढं बसलेलीच्या छातीत जातात.

प्लास्टिक सोडा म्हणणं सोपं

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग प्लास्टिक टाका, पुन्हा स्टील, पितळ, माती वापरा. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरी बहुधा चोवीस तास नळ असतो. पितळेची भरलेली घागर डोक्यावर घेऊन ज्या बायकांनी दोन-दोन मैल पाणी वाहिलं, त्यांच्या मानेला आणि कमरेला विचारा. प्लास्टिकच्या घागरीनं ते ओझं हलकं केलं. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातातही कळशी देता आली, यात आनंद मानायचा की दुःख हा वेगळा प्रश्न. पण पाणी भरण्याच्या कामात पुरुष आले नाहीत, प्लास्टिक आलं, ही वस्तुस्थिती आहे. त्यामुळं बाईच्या हातातून हलकी घागर काढून घेणारा पर्यावरणवाद आपल्याला नको. आपल्याला घागर हलकीच हवी, आणि ती पाण्यात काय सोडते तेही कळायला हवं. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

दुसरं म्हणजे, स्वस्त वस्तू ‘जन्मतःच’ कमी कल्हईची असते. जुनं प्लास्टिक वितळवून नवं करताना त्यातलं उरलेलं अँटिऑक्सिडंट बरंचसं खर्ची पडतं. ते नव्यानं घालावं लागतं. पैसे वाचवायला उत्पादक ते घालत नाही, किंवा कमी घालतो. आठवडी बाजारातली स्वस्त बादली वर्षभरात फुटते ती बाईनं आदळआपट केली म्हणून नव्हे, तिच्यात रक्षणच नव्हतं म्हणून. काळ्या रंगाचीही गंमत आहे. चांगल्या पाण्याच्या टाकीत किंवा पाइपात काजळीसारखा कार्बन ब्लॅक घालतात. तो उन्हापासून रक्षण करतो आणि उडूनही जात नाही, म्हणून काळी टाकी टिकते. पण सगळ्या रंगांचं मिश्र भंगार वितळवलं की ते लपवायलाही काळाच रंग घालतात. जुन्या टीव्ही-संगणकांच्या खोक्यांतली ज्वालारोधकं काळ्या खेळण्यांत आणि स्वयंपाकघरातल्या काळ्या वस्तूंत सापडल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत दिसलं आहे. दुकानात उभं राहून यातला कोणता काळा कोणता हे सांगता येत नाही. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, दोन, तीन किंवा पाच. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, आत काय मिसळलं ते सांगत नाही.

बाईच्या शरीरात

पीव्हीसीच्या पाइपांत हीट स्टॅबिलायझर म्हणून अनेक वर्षं शिशाची संयुगं वापरली गेली. शिसं पाइपातून पाण्यात उतरतं, विशेषतः पाइप नवा असताना आणि पाणी रात्रभर साचून राहिलं असताना. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत हा विषय गेला, आणि २०२१ साली केंद्र सरकारनं पाइपांतल्या शिशाविषयी नियम केले. हे चांगलं झालं. पण त्याआधी बसवलेले पाइप भिंतींत आणि जमिनीखाली तसेच आहेत.

शिसं शरीरात गेलं की त्यातलं पुष्कळ हाडांत साठतं आणि तिथं अनेक वर्षं राहतं. बाई गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना बाळासाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम वापरलं जातं, त्याबरोबर साठलेलं शिसंही रक्तात येतं. म्हणजे मुलगी असताना जे शरीरात गेलं ते आई झाल्यावर बाहेर निघतं आणि बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे, आणि त्याचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण माहीत नाही. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं तर शिसं जास्त शोषलं जातं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. सर्वांच्या शेवटी, उरलेलं जेवणाऱ्या बाईच्या शरीरात विष जास्त मुरतं, असा याचा अर्थ होतो. रक्तक्षय आणि प्लास्टिक हे दोन वेगळ्या शिबिरांचे विषय नाहीत.

दुसरं उदाहरण यूव्ही-३२८ या रसायनाचं. प्लास्टिक आणि गाड्यांचे रंग उन्हानं खराब होऊ नयेत म्हणून ते वापरलं जातं. ते वस्तूतून सुटतं, प्लास्टिकच्या तुकड्यांबरोबर समुद्रातून दूरवर जातं, समुद्री पक्ष्यांच्या शरीरात मिळतं, वस्ती नसलेल्या आर्क्टिकमध्येही मिळतं. काही देशांत आईच्या दुधातही ते आढळलं आहे. २०२३ च्या मे महिन्यात जिनिव्हात ते स्टॉकहोम कराराच्या यादीत, म्हणजे जगातून हटवायच्या रसायनांत आलं. भारत या करारात २००६ पासून आहे. पण यादीत नवं रसायन आलं म्हणून ते आपल्याला आपोआप बांधील होत नाही. आपल्या सरकारला प्रत्येक वेळी वेगळी मंजुरी द्यावी लागते. त्यासाठी मागणी करत राहणं हे आपलंही काम आहे.

आईच्या दुधाचा उल्लेख आला की एक धोका असतो, आणि कार्यकर्त्या म्हणून आपण सावध राहायला हवं. दुधात रसायन सापडलं ही बातमी ‘आईचं दूध विषारी’ अशी छापली जाते, आणि बाई घाबरून पाजणं थांबवते किंवा पावडरचा डबा आणते. आईच्या दुधानं बाळाचं जे रक्षण होतं त्याची बरोबरी दुसरं काही करत नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, ही शिफारस तशीच आहे. दूध तपासतात ते दूध वाईट आहे म्हणून नव्हे. आसपासच्या जगाचं काय झालं आहे याचा हिशेब त्यात उतरतो म्हणून. दोष दुधाचा नाही, दुधापर्यंत रसायन पोचू देणाऱ्यांचा आहे, हे प्रत्येक शिबिरात ठासून सांगायला हवं.

कचऱ्याच्या ढिगावर

प्लास्टिकचा शेवटचा हिशेबही बायकाच करतात. कचरा वेचणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं आहेत, आणि त्यातल्या पुष्कळजणी दलित समाजातल्या आहेत. धारावीसारख्या ठिकाणी प्लास्टिक निवडण्याच्या गाळ्यांत जमिनीवर बसून कडक, मऊ, पांढरं, रंगीत असं हातानं वेगळं करणाऱ्याही बायकाच. कोणतं प्लास्टिक कोणतं हे त्या आवाजावरून, वाकवून, कधी तुकडा जाळून वासावरून ओळखतात. हे कसब आहे, पण त्याला कसबाची मजुरी मिळत नाही. जुन्या, भुकटी सुटलेल्या प्लास्टिकची धूळ त्यांच्या हाताला, नाकाला, डब्यातल्या भाकरीला लागते. तांब्यासाठी वायर जाळली जाते तेव्हा पीव्हीसीतलं शिसं आणि त्याहून घातक वायू धुरात मिसळतात, आणि ढिगावर पोरं खेळत असतात.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासून कचरा वेचणाऱ्या बायकांनी ‘आम्ही कामगार आहोत’ हे म्हणायला आणि सिद्ध करायला सुरुवात केली. ओळखपत्र, वजनकाटा, भाव यांच्या लढाया त्यांनी दिल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत उत्पादकांची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कंपन्यांनी आपल्या मालाइतकं प्लास्टिक परत गोळा करवून घ्यायचं, असा त्याचा सारांश. गोळा कोण करतं? ज्या बाईच्या पोत्यातून ते प्लास्टिक परत जातं, तिच्यापर्यंत या व्यवस्थेतला पैसा पोचला पाहिजे, आणि त्या प्लास्टिकमध्ये काय मिसळलं आहे ही माहितीही पोचली पाहिजे. कारण आपण ज्याला हात लावतो त्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क सर्वांत आधी तिचा आहे.

सल्ले आणि मागण्या

प्लास्टिकबद्दल बायकांना सल्ले द्यायला सगळेच तयार असतात. गरम पदार्थ डब्यात घालू नका, सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या, काच वापरा. यातलं काही खरंच उपयोगी आहे, आणि ते आपण जरूर सांगावं. उकळतं, तेलकट अन्न जुन्या प्लास्टिकमध्ये ठेवू नये. रसायनाचं किंवा कीटकनाशकाचं पिंप, डबा पाण्याला, धान्याला कधीच वापरू नये. पिंप, टाकी शक्य तितकी सावलीत ठेवावी. भुकटी सुटणारी, चिरलेली वस्तू अन्नासाठी वापरू नये. चुलीत प्लास्टिक घालू नये.

पण तासभरच पाणी मिळणारी बाई पहिलं पाणी सोडून देईल कशी? ओलं सरपण असलेली चूल कशानं पेटवेल? नवं पिंप कशातून घेईल? परिस्थिती न बदलता दिलेला सल्ला शेवटी दोष बनून बाईवरच उलटतो. मूल आजारी पडलं की ‘तू कशात ठेवलं होतंस?’ हा प्रश्न आईला विचारला जातो. वस्तू बनवणाऱ्याला ‘तू त्यात काय घातलं होतंस?’ असं कुणी विचारत नाही. आपल्या चळवळीचं काम हा प्रश्न योग्य माणसाकडं वळवण्याचं आहे.

आणि ज्याला विचारायचं त्याच्याकडं उत्तर असतं, पण ते बाहेर येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लास्टकेम या शास्त्रज्ञांच्या अहवालानं प्लास्टिकशी संबंधित सोळा हजारांवर रसायनांची नोंद केली. त्यातली ४२०० हून अधिक आरोग्याला किंवा पर्यावरणाला धोक्याची ठरली, आणि दहा हजारांहून अधिक रसायनांबद्दल धोक्याची माहितीच उपलब्ध नाही. प्लास्टिकविषयी जागतिक करार करण्याचं २०२२ साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाची बैठक करार न होताच उठली. प्लास्टिक किती बनवायचं आणि त्यात कोणती रसायनं घालायची, याच मुद्द्यांवर देशांत मतभेद आहेत. तो करार होईपर्यंत आपण वाट पाहत बसायचं कारण नाही. आपल्या हातात काही मागण्या आहेत.

एक. बादली, पिंप, डबा, ताडपत्री या प्रत्येक वस्तूवर ती कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बनली आणि किती काळ, कशासाठी वापरायची हे मराठीत छापलेलं असावं. औषधाच्या गोळीवर हे असतं, तर दहा वर्षं पाणी साठवणाऱ्या पिंपावर का नको?

दोन. सरकार जे वाटतं ते मानकाप्रमाणं असावं. पाण्याच्या टाक्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आय. एस. १२७०१ आहे, विणलेल्या पॉलिथिलीनच्या ताडपत्रीसाठी आय. एस. ७९०३ आहे. पूरग्रस्तांना दिली जाणारी ताडपत्री, आश्रमशाळेतली टाकी, अंगणवाडीतली भांडी सर्वांत कमी बोलीच्या निविदेनं येतात. त्यांची उन्हातली चाचणी झाली आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं, माहितीच्या अधिकारातही विचारता येतं. निर्वासितांना मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था ताडपत्री घेताना ही चाचणी मागतात, मग आपल्या साखर कारखान्यांनी आणि मुकादमांनी ऊसतोड कुटुंबांना ती का देऊ नये?

तीन. रसायनांची रिकामी पिंपं घरगुती वापरासाठी विकण्यावर खरी बंदी यावी, आणि त्याच वेळी वस्तीतल्या कुटुंबांना पाणी साठवायला सुरक्षित पिंप सवलतीत मिळावं. नुसती बंदी आली तर पिंपं महाग होतील आणि लपूनछपून विकली जातील, बाकी काही होणार नाही.

चार. कचरा वेचणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायकांना छप्पर असलेली जागा, हातमोजे, धुण्यासाठी पाणी आणि रक्तातल्या शिशाच्या तपासणीसह नियमित आरोग्य तपासणी मिळावी.

या मागण्या अवास्तव नाहीत. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून मानक-चिन्ह सक्तीचं झालंच ना? युरोपनं मुलांच्या खेळण्यांतली काही थॅलेटं १९९९ साली तात्पुरती आणि २००५ साली कायमची रोखली. लोकांनी रेटा लावला तिथं नियम झाले. मुलांच्या खेळण्याबाबत जे झालं ते आईच्या घागरीबाबतही होऊ शकतं.

सुरुवात आपल्या गटापासून करता येईल. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातल्या पाच प्लास्टिकच्या वस्तूंची यादी आणावी. वस्तू कोणती, किती वर्षांची, नवी घेतली की कुणी दिली की भंगारातून, त्यात काय ठेवतो, आणि त्यावर काय छापलं आहे. लिहिता न येणारीची यादी दुसरीनं लिहावी. वीस जणींच्या शंभर वस्तू झाल्या की एक पत्रक तयार होतं. ते घेऊन तालुक्याच्या वजनमापे खात्याकडं, ग्रामपंचायतीकडं, आणि जिथून वस्तू घेतल्या त्या दुकानदाराकडंही जाता येतं. एकटीनं विचारलं तर दुकानदार हसतो. वीस जणी यादी घेऊन उभ्या राहिल्या तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारतो, आणि व्यापारी कारखान्याला. ज्या गटांनी अशा याद्या केल्या असतील, करतील, त्यांनी त्या आपल्याकडं जरूर पाठवाव्यात. पुढच्या अंकात त्या एकत्र छापू.